न केलेली तार

सुभेदार ओव्हाळ माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते एकला दोन मिनिटं कमी असताना. शटर मी अर्धं खाली ओढलं होतं. शनिवार पेठेत एक ते चार दुकान बंद असतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. शटरखालून मला फक्त त्यांचे बूट दिसले. इतके चकचकीत बूट मी लग्नातल्या नवरदेवाच्या पायातही पाहिले नव्हते.

"बंद झालंय," मी म्हटलं.

"मॅडम, पाटीवर एक लिहिलंय. माझ्या घड्याळात बारा अठ्ठावन्न झालेत."

"मग तुमचं घड्याळ मागे आहे."

बूट जरा वेळ तिथेच राहिले. "ठीक आहे. चारला हजर होतो."

मी कुलूप लावलं, घरी गेले, जेवले, झोपले. चारला परत येते तर हा माणूस समोरच्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीजवळ उभा. तीन तास तिथेच होते. शहराबाहेरच्या मांजरी गावाहून दोन बस बदलून आलो, परत जाऊन येण्यात अर्थ नव्हता, असं त्यांनी सांगितलं, आणि त्यात तक्रारीचा सूर म्हणून नव्हता. मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी तिरसट आहे असं गिऱ्हाइकं म्हणतात आणि मी ते कधी नाकारलेलं नाही. पण त्या दिवशी मी निमूटपणे पंख्याखालची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. तरी ते उभेच. शेवटी मी "अहो बसा" म्हटलं तेव्हा बसले.

माझं दुकान म्हणजे टायपिंगच्या क्लासमधून वर आलेली एक खोली. बुधवार पेठेतून सुटे भाग आणून जोडून घेतलेला एक संगणक, एक लेझर प्रिंटर आणि मी. त्या वर्षांत सगळ्या पुण्याला संगणकाचं वेड लागलं होतं. ज्याला त्याला मुलगी संगणकात, जावई संगणकात. आणि ज्यांची मुलं अशी मार्गी लागली होती त्या निवृत्त मंडळींना एकदम आत्मचरित्रं सुचायला लागली होती. मी ती टाइप करून, पानं लावून, छपाईला पाठवायची. बँक मॅनेजरांची आत्मचरित्रं, हेडमास्तरांची आत्मचरित्रं. सगळ्यांत शेवटून दुसरं प्रकरण 'माझी सहधर्मचारिणी' आणि त्यात ती त्यागमूर्ती. असल्या त्यागमूर्ती टाइप करून करून माझी बोटं झिजली होती.

सुभेदारांनी खाकी कापडी पिशवीतून चार वह्या काढल्या. वर वळणदार अक्षरात 'एका फौजीची वाटचाल'. मी चाळलं. शेवटून दुसरं प्रकरण 'माझी पत्नी'.

"यात त्यागमूर्ती आहे का हो?" मी विचारलं.

"आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "पान एकशे चौदा."

तर असे ते सुभेदार शांताराम ओव्हाळ. गाव शिरूरकडचं. छप्पन साली घराने बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा हे शाळेत होते. मॅट्रिक झाले आणि दुसऱ्याच वर्षी, आईच्या मनाविरुद्ध, फौजेत भरती झाले. आईचं म्हणणं, चार बुकं शिकलास ती खुर्चीत बसायला, बंदूक धरायला नाही. आईचा हा राग त्यांच्या पुस्तकात पानोपानी होता. लढाया त्यांनी दीड पानात उरकल्या होत्या. आईचा राग मात्र दहा पानं चालला होता.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी चारच्या ठोक्याला ते यायचे. मुद्रितं तपासायला घरी न्यायचे आणि परत आणताना आधी तोंडी अहवाल द्यायचे. "मॅडम, पान वीस ते छत्तीस. सात जखमी, एक बेपत्ता." जखमी म्हणजे चुकलेले शब्द, बेपत्ता म्हणजे गळलेला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाबरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. पुढे पुढे मीच विचारायला लागले, "आज किती गेले?" एका शुक्रवारी म्हणाले, "आज कोणी नाही. सगळे सुखरूप." मला कोणी बक्षीस दिल्यासारखा आनंद झाला. वास्तविक मी असल्या गोष्टींनी आनंदी होणाऱ्यांतली नाही.

टाइप होत असताना ते गप्प बसायचे. पण वीज गेली की बोलायचे, आणि त्या काळात वीज पुष्कळदा जायची. अशाच एका दुपारी त्यांनी मला तारांचं सांगितलं. पलटणीत रजा मिळवायचा हुकमी मार्ग म्हणजे घरून तार. 'मदर सीरियस, कम सून.' सुगी आली, गावची जत्रा आली, की निम्म्या पलटणीच्या आया एकदम आजारी पडत. तार गावातूनच कोणीतरी केलेली असायची, कधी जवानानेच भावाला लिहून मागवलेली. अधिकाऱ्यांना हे ठाऊक होतं. एक मेजर तर तार हातात घेऊन विचारायचे, "ये माँ पिछले साल भी मरी थी ना?"

मी हसले. सुभेदार हसले नाहीत.

"मलाही आली होती मॅडम. लग्नाला सहा महिने झाले होते. मदर सीरियस. मी दोन रात्री उभ्याने प्रवास करून घरी पोचलो. आई दारात जोंधळा पाखडत बसली होती. धडधाकट. आणि मंडळी आत लपलेली." मंडळी म्हणजे बायको, तिचं नाव ते माझ्यासमोर घेत नसत. "एकोणीस वर्षांची होती. करमत नव्हतं म्हणून चुलतभावाकडून तार करवली. मी तिसऱ्या दिवशी परत गेलो. जाताना तिच्याकडून वचन घेतलं. माझ्या आईचं नाव घेऊन पुन्हा खोटं बोलायचं नाही."

"बोलल्या का पुन्हा?"

"कधीच नाही," ते म्हणाले. "बाईनं शब्द पाळला."

ह्या नवरा-बायकोची आणखी एक तऱ्हा त्यांनी अगदी सहज सांगितली आणि मी थक्क झाले. भांडण झालं की दोघं एकमेकांना पत्र लिहीत. एकाच घरात राहून. पोस्टाने. सुभेदार मांजरीच्या पेटीत अंतर्देशीय टाकायचे, ते दोन दिवसांनी पोस्टमन त्यांच्याच दारात आणून द्यायचा, बायको ते वाचायची आणि आपलं उत्तर टाकायला पेटीपर्यंत चालत जायची. मधल्या काळात जेवणखाण, बाजारहाट सगळं सुरळीत.

"अहो, पण तोंडाने बोलायला काय होतं?" मी न राहवून विचारलं.

"सवय नाही," ते म्हणाले. "लग्नानंतरची पहिली दहा वर्षं आम्ही सुट्टीपुरते भेटलो. जे काय महत्त्वाचं बोललो ते कागदावर. समोरासमोर आलो की फक्त हवापाणी. आता साठी आली, आता काय नवीन शिकणार?"

मुलगी संगीता एका संगणक कंपनीत होती. ती म्हणे वडिलांना सांगायची, बाबा, घरात कॉम्प्युटर घेऊ, तुम्ही ई-मेल करा आईला, लगेच पोचतं. त्यावर सुभेदारांचं उत्तर होतं, "लगेच पोचलं तर राग जायला वेळ कुठे मिळतो?"

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते पुस्तक जवळजवळ पुरं होत आलं तेव्हा. सुभेदार त्यांना घेऊन आले. आपल्यावरचं प्रकरण पडद्यावर दाखवायचं होतं. विमलबाई ठेंगण्या, काठापदराची साडी, हातात रेक्झिनची पर्स. बाकावर अगदी टोकाला बसल्या. सुभेदार म्हणाले, "मॅडम, वाचून दाखवा." मला असलं वाचून दाखवायला आवडत नाही, तरी वाचलं.

"माझ्या कारकिर्दीचे श्रेय मी माझ्या पत्नीस देतो. तिने गावी राहून माझ्या आईची सेवा केली. आईच्या अखेरच्या आजारात मी नायब सुभेदार पदासाठीच्या कोर्सवर होतो. आईनेच 'त्याला कळवू नका' असे बजावल्याने पत्नीने मला तार केली नाही. तो कोर्स मी पुरा केला, म्हणूनच पुढे सुभेदार झालो. माझ्या पत्नीने स्वतःसाठी कधी काही मागितले नाही. ती त्यागमूर्ती आहे."

बाई पडद्याकडे टक लावून बघत होत्या. लाजल्या नाहीत, हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "हे पुसता येतं का?"

"येतं की. एक बटण दाबलं की गेलं."

"आणि छापल्यावर?"

"छापल्यावर नाही येत."

एवढंच त्या बोलल्या. सुभेदारांना वाटलं, बायकोला संगणकाचं कौतुक. ते मला म्हणाले, "तिला अशा गोष्टी समजून घ्यायला आवडतं."

त्याच प्रकरणाच्या आधी, तेराव्यात, आईच्या मृत्यूचं लिहिलेलं होतं. ते टाइप करताना मी दोनदा थांबले होते. त्यात वाक्य असं होतं: "आईने मला बोलावले नाही. तिचा राग शेवटपर्यंत गेला नाही, हे शल्य मी तेवीस वर्षे बाळगून आहे आणि मरेपर्यंत बाळगीन." एरवी सुभेदार मोजूनमापून लिहायचे. इथे खोडाखोड होती, शाई फुटली होती.

पुढच्याच गुरुवारी विमलबाई एकट्या आल्या. गुरुवारी आमच्याकडे दिवसभर वीज नसते, त्यामुळे मी कामाला नाही तर झाडलोटीला दुकान उघडते. हे त्यांनी नवऱ्याकडून काढून घेतलं असणार. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "ताई, काम नाही ना आज? मग बोलते."

मी फडकं खाली ठेवलं.

"ते पुस्तक छापायला कधी जाणार हाय?"

"सोमवारी."

"त्यात माझं एक पान घालाल का? मी सांगते, तुम्ही लिवा. यांना दाखवू नका. छापून आल्यावर वाचतील."

मला वाटलं, बाईंना नवऱ्याचं कौतुक करायचंय. पुस्तक हातात पडेल तेव्हा अचानक दिसावं असं असेल. मी म्हटलं, "अहो, त्यांच्या पुस्तकात त्यांना न विचारता कसं घालू? काय लिहायचंय तरी काय?"

त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली. "आत्यानं कळवू नका असं म्हटलंच नव्हतं, ताई."

आत्या म्हणजे सासू. मला पहिल्यांदा समजलंच नाही.

"अकरा दिवस पडून होत्या. ताप उतरत नव्हता. अकरा दिवस यांच्या नावानं हाका मारत होत्या. उजाडलं की बोलवा, दिवेलागण झाली की बोलवा. आला का, आला का. मला म्हणायच्या, तार कर गं. मी म्हणायची, केली आत्या, येतील. मी केलीच नव्हती."

मी बाकावर बसले.

"कोर्स बुडेल म्हणून?" माझ्या तोंडून कसंबसं निघालं. बाजू घ्यायला काहीतरी हवं होतं, त्यांची की माझी कोण जाणे.

"सगळ्यास्नी तसंच सांगितलं. स्वतःलाही तसंच सांगत आले." त्या माझ्याकडे सरळ बघत होत्या. "पण खरं तसं नाही. हवालदाराच्या बायकोला क्वार्टरसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. नायब सुभेदार झाले की क्वार्टर लवकर मिळणार होतं. मला ते क्वार्टर पाहिजे होतं, ताई. संगीता सहा वर्षांची होती. मला गावातनं बाहेर पडायचं होतं. नळाचं पाणी पाहिजे होतं. हे आले असते तर कोर्स गेला असता, अन् पुढचा कोर्स कधी मिळाला असता कुणाला ठाऊक. मी रोज म्हणायची, उद्या तार करते. दोन येळा त्यांना बरं वाटलंबी. मग बाराव्या दिवशी उद्याच राहिला नाही."

दुकानात अंधार होता. बाहेर रिक्षा उभ्या राहून भांडत होत्या. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की ही बाई ते क्वार्टर मिळून पुण्याला आली, मुलगी छावणीतल्या शाळेत गेली, इंजिनिअर झाली, मांजरीला घर झालं. सगळं त्या न केलेल्या तारेवर उभं. मी आयुष्यात नाना तऱ्हेची माणसं पाहिली आहेत, पण असं कोणी माझ्या समोर कधी बसलं नव्हतं. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. भीती वाटली.

"शेजारची म्हातारी होती हाका ऐकायला, ती गेली," त्या म्हणाल्या. "आता हे माहीत असलेली मी एकटीच हाय. अन् हे रोज संध्याकाळी मला वाचून दाखवतात. आई रागावलेलीच गेली, आई रागावलेलीच गेली. मी भाजी चिरत ऐकते. आता ते छापणार. मग तेच खरं होऊन बसणार."

"अहो, मग त्यांना सांगा."

"तोंडानं? आम्ही कधी बोललोय तोंडानं?"

"मग पत्र लिहा. लिहिता ना एकमेकांना?"

"पत्रातच तर खोटं लिहिलं होतं, ताई. म्हणून पत्राचा धीर होत नाही. छापलेलं असलं म्हणजे माणूस मान खाली घालून वाचतो."

त्यावर मी जो अवतार धारण केला तो आठवला की आज मला माझीच लाज वाटते. मी ताडकन उठले. म्हटलं, ते काही नाही. खरं ते खरं. तुम्ही मला ह्यात ओढलंत, आता मी सांगते ते ऐका. सोमवारी पुस्तक छापायला जाणार नाही. मी प्रिंटर बिघडलाय सांगते. तोवर तुम्ही लिहा. इथे बसा आणि लिहा. शहाणपण शिकवायला मला कधी आमंत्रण लागत नाही.

कोपऱ्यावरच्या पोस्टातून मीच अंतर्देशीय आणलं. त्यांनी दारातल्या उजेडात बसून तासभर लिहिलं. चौथी शिकलेलं अक्षर, एकेक अक्षर वेगळं. चिकटवलं ते मी. पत्ता त्यांनी लिहिला: सुभेदार शांताराम ओव्हाळ, मांजरी. पेटीत टाकताना मात्र मला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सुभेदार आले तेव्हा पत्र अजून पोचलं नव्हतं; मी प्रिंटर बिघडल्याचं सांगितलं. पुढची मंगळवारची चार वाजताची वेळ मात्र टळून गेली. सुभेदार आले नाहीत. शुक्रवारी आले नाहीत. नऊ महिन्यांत असं कधी झालं नव्हतं. माझं कामावर लक्ष लागेना. एका लग्नपत्रिकेत वराच्या जागी वधूच्या वडिलांचं नाव घातलं आणि शिव्या खाल्ल्या. माझ्या मनात नाही नाही ते येत होतं. फौजी माणूस, साठ वर्षांचा, असं काही वाचून काय करेल? आणि आग लावून दिली ती मी. लोकांच्या संसारात नाक खुपसायची मला काय गरज होती, असं मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "हे तू मला लग्नाला वीस वर्षं झाल्यावर विचारतेस?"

दुसऱ्या मंगळवारी सकाळी विमलबाई आल्या. काही झालेलं दिसत नव्हतं. डोळे नेहमीसारखेच. पर्समधून त्यांनी एक अंतर्देशीय काढलं. बंद होतं.

"उत्तर आलं कालच. मला उघडवत नाही. तुम्ही वाचा."

"घरी काय म्हणाले?"

"काहीच नाही. पत्र पोचलं त्या दिवशी दारात बसून वाचलं. मग उठून बूट पुसायला बसले. दोन्ही बूट पुसले, मग माझ्या चपला पुसल्या. जेवतात, पेपर वाचतात, मीठ मागतात. सात दिवसांनी हे पोस्टात टाकलं."

आत कागदभर राग असणार असं मी धरून चालले होते. सोडचिठ्ठी असेल, असंही वाटून गेलं. उघडलं तर आत सहा ओळी. मी वाचल्या.

"सौ. विमल हीस सप्रेम जयभीम. तुझे पत्र मिळाले. तीनदा वाचले. मजकूर समजला. इतर गोष्टींचे नंतर पाहू. एक बाब तू लिहिलेली नाहीस. आई हाक मारत होती ती कोणत्या नावाने? रागात असली की ती मला शांताराम म्हणे. एरवी शांतू. नीट आठवून उलट टपाली कळव. तुझा, शांताराम. ता. क. गॅसचा नंबर लावला आहे."

मी वाचून संपवलं. तेवीस वर्षं फसवल्याबद्दल एक अक्षर नाही. त्या माणसाला एवढंच हवं होतं.

विमलबाईंचा चेहरा पांढरा पडला. मग म्हणाल्या, "ताई, मला आठवत नाही."

"काय?"

"मला खरंच आठवत नाही. हाका आठवतात. आवाज आठवतो. माझ्याकडं बघायच्या ते आठवतं. शब्द आठवत नाही. मी तेव्हा ऐकायचंच नाही असं ठरवलं होतं. कानावर हात ठेवून चुलीपाशी बसायची."

आणि मग मी, जी बारा दिवसांपूर्वी खरं ते खरं म्हणून नाचत होते, ती मी पटकन म्हणाले, "शांतू लिहा."

त्यांनी वर पाहिलं.

"अहो, शांतू लिहा आणि मोकळ्या व्हा. कोण येणार आहे पडताळायला? तापात पडलेली आई काय शांताराम म्हणणार आहे? शांतूच म्हणाली असणार. एका शब्दानं त्या माणसाचं आयुष्य सुखाचं होईल. लिहा."

"असंलही शांतू."

"मग?"

"पण मला आठवत नाही." त्यांनी पत्र माझ्या हातातून काढून घेतलं आणि घडी घातली. "आत्याच्या तोंडी मी एकदा शब्द घातला, ताई. आता नाही घालणार."

त्या गेल्या. मला वाटत होतं, ह्या बाईने एवढं केलं आणि शेवटच्या पायरीवर येऊन हट्ट केला.

शुक्रवारी चारच्या ठोक्याला सुभेदार आले. बूट चकचकीत, पिशवी खांद्याला. वाळले होते. माझी बोबडी वळली होती. त्यांना काय माहीत आहे आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे का, याचा मला पत्ता नव्हता.

"मॅडम, प्रिंटर दुरुस्त झाला?"

"झाला."

"तेरावं प्रकरण उघडा."

मी उघडलं.

"'आईने मला बोलावले नाही' इथून दोन वाक्यं काढा." मी काढली. "आता लिहा. माझी आई शेवटचे अकरा दिवस मला हाक मारत होती. पूर्णविराम. कोणत्या नावाने, ते माझ्या पत्नीस आठवत नाही. पूर्णविराम."

मी टाइप केलं. "सुभेदारसाहेब," मी म्हटलं, "पहिलं वाक्य ठेवा. दुसरं कशाला? वाचणाऱ्याला काही समजणार नाही."

"दुसरं आहे म्हणून पहिलं आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, पडद्याकडे बघत बोलले. "मी पलटणीत चौकशीला पुष्कळ बसलोय मॅडम. खोटं बोलणाऱ्याला सगळं आठवतं. तिचं पहिलं पत्र वाचलं तेव्हा मला वाटलं, पुस्तकात आईचं वाचून हिला माझी दया आलीय, म्हणून अकरा दिवस हाका मारल्याचं रचून सांगतेय. मला बरं वाटावं म्हणून. म्हणून मी नाव विचारलं. मला कोणतं नाव हवंय हे तिला ठाऊक होतं. ते लिहायला तिला काय लागलं असतं? नाही लिहिलं. आठवत नाही म्हणाली. म्हणजे हाका खऱ्या."

असं म्हणून ते रडले. आवाज न करता, ताठ बसून. मी कीबोर्डवर मान घातली. ते नाव मीच लिहून घेणार होते. माझं ऐकलं असतं तर ह्या माणसाने आईच्या हाका खोट्या धरल्या असत्या, आणि मी मात्र केवढं पुण्य केलं म्हणून चहा घेत बसले असते.

थोड्या वेळाने त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. "आता पत्नीवरचं उघडा."

मी उघडलं. कळवू नका, तार, ती सगळी वाक्यं त्यांनी काढायला लावली. 'त्यागमूर्ती'ही काढायला लावलं. उरलं ते एक वाक्य: 'माझ्या पत्नीने स्वतःसाठी कधी काही मागितले नाही.'

"हे पण काढू?" मी हळूच विचारलं.

"का? ते खरं आहे."

क्वार्टरचं मला कळलंय हे त्यांच्या ध्यानात आलंच असणार.

"तुम्ही रागावला नाहीत?" मी विचारलं.

"रागावलोय की. खूप रागावलोय. तो राग मला जन्मभर पुरेल." ते पुन्हा पडद्याकडे वळले. "पण तो वेगळा विषय आहे. ह्या वाक्यापुढे लिहा. मागितले असते, तर मी दिले नसते."

मी लिहिलं.

"पूर्णविराम," ते म्हणाले.

त्या एका पानाची प्रत त्यांनी छापून घेतली. मुद्रित तपासायला हवं, म्हणाले. बाहेर विमलबाई भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. त्या आल्यात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. सुभेदारांनी कागद त्यांच्या हातात दिला आणि बाजूला उभे राहिले. रस्त्यावर गर्दी होती. त्या ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचत होत्या. शेवटच्या ओळीपाशी बोट थांबलं. परत मागे गेलं, परत तिथे आलं. मग त्यांनी पदर तोंडाला लावला.

सुभेदारांनी मुद्रितासाठी हात पुढे केला. बाईंनी मान हलवली, कागदाची चौघडी केली आणि पर्समध्ये घालून पर्सची चेन ओढली. दोघं मांजरीच्या बसला गेले. मला ते पान दुसऱ्यांदा छापावं लागलं.